सल्ला कोणाला विचारावा, कसा तपासावा? ख्रिस्ती जीवनातल्या मार्गदर्शनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत पडणारे प्रश्न तसे ठरलेलेच असतात. मुलीला नर्सिंगच्या नोकरीवर आखातात पाठवू का? बोटीच्या इंजिनासाठी कर्ज काढू का? मुंबईच्या भावाने जमिनीच्या कागदावर सही मागितलीय, देऊ का? काय करावं ते इथे सांगितलेलं नाही. कोणाला विचारावं, कसं विचारावं आणि मिळालेला सल्ला कसा पारखून घ्यावा, याबद्दल प्रार्थनासभा संपल्यावर पडवीत जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. आमची मंडळी मराठी प्रॉटेस्टंट आहे. कॅथलिक वाचकांनी पाळक म्हटलं तिथे फादर वाचावं, प्रश्न तेच आहेत.

देव प्रार्थनेला उत्तर देतो ना? मग माणसांना कशाला विचारायचं?

देतो. ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो, असं याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. सुरुवात तिथूनच करायची. पण ते ज्ञान देव पुष्कळदा माणसाच्या तोंडून देतो. दमास्कसच्या वाटेवर प्रभूने शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, स्वतः नाव घेऊन हाक मारली. पुढे काय करायचं हे मात्र तिथे सांगितलं नाही. शहरात जा, तिथे तुला सांगतील, एवढंच. आणि सांगायला आला हनन्या, जो बिचारा शौलाकडे जायलाच घाबरत होता. मोशे तर देवाशी समोरासमोर बोलणारा माणूस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलास तर तू झिजशील आणि लोकही झिजतील, हे त्याला सांगितलं सासऱ्याने, मिद्यानाच्या याजकाने. आणि मोशेने ते ऐकलं (निर्गम १८).

माझं थेट देवाशी बोलणं आहे, मला कोणाला विचारायची गरज नाही, असं म्हणणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते.

सल्ला विचारायची वेळ कोणती?

निर्णय व्हायच्या आधीची. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते, कारण बहुतेक माणसं बयाणा देऊन झाल्यावर येतात. जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि त्याच दिवसांत इंजिन बदलायचा विषय निघतो. माणूस पाळकांकडे येतो, छत्री दाराशी उघडीच ठेवतो, चहा घेतो आणि म्हणतो, "साहेब, जरा सल्ला हवा होता." बोलता बोलता कळतं की पैसे भरून झालेत, मेहुणा जामीन राहिलाय, कागद पिशवीतच आहेत. त्याला हवा असतो तो आशीर्वाद. आशीर्वाद मागण्यात वाईट काहीच नाही, पण मग तो आशीर्वाद म्हणूनच मागावा. सल्ला विचारायला येणाऱ्याने "नको" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवून यावं.

घाईत सही करणाऱ्या प्रत्येकाने यहोशवाचा नववा अध्याय वाचावा. गिबोनी लोक बुरसटलेल्या भाकऱ्या नि फाटके बुधले दाखवून म्हणाले, आम्ही फार लांबून आलो. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, पण परमेश्वराला विचारलं नाही. करार केला, शपथ दिली. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. शपथ मोडता येईना.

सगळे "हो" म्हणतायत, परिस्थितीही अनुकूल आहे. मग ती देवाचीच इच्छा, नाही का?

असेलही. पण या दोन खुणांवर विसंबू नका. प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. पौल कैदी म्हणून रोमला चालला होता. जहाज क्रेत बेटाच्या "सुंदर बंदरे" नावाच्या जागी लागलं तेव्हा मोसम संपत आला होता. लूक लिहितो, उपासाचा दिवस होऊन गेला होता. म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरचा सुमार. त्यानंतर त्या समुद्रात लांबचा प्रवास धोक्याचा. पौल म्हणाला, इथून निघालो तर माल, जहाज आणि जीव, तिन्हींना धोका आहे. कैद्यांना नेणाऱ्या शताधिपतीने, म्हणजे रोमी अधिकाऱ्याने, ऐकलं ते तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं. बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं होतं, त्यामुळे बहुतेकांचं मत पडलं की निघावं. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. त्यांना वाटलं, झालं आपलं काम. नांगर उचलला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ईशान्येचं तुफान आलं, चौदाव्या रात्रीपर्यंत जहाज समुद्रात हेलकावत राहिलं आणि शेवटी माल्टाच्या किनाऱ्याशी फुटलं. २७६ माणसं वाचली. जहाज आणि गहू गेला.

आता त्या बैठकीत कोण कोण होतं ते बघा. मालकाचं जहाज नि माल त्यात अडकला होता. तांडेलाला समुद्राचं ज्ञान होतं, पण पौलही त्या बाबतीत अडाणी नव्हता. या प्रवासाच्या आधीच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की तीन वेळा माझं तारू फुटलं, एक रात्र आणि एक दिवस मी समुद्रात काढला. म्हणजे ज्याला त्या समुद्राचा फटका बसलेला होता आणि ज्याचा एक दाणाही त्या जहाजात नव्हता, त्याचं मत बहुमताने बाजूला पडलं. आणि मंद वारा हा वाऱ्याचा एक प्रहर असतो, त्यावरून अख्ख्या प्रवासाचा अंदाज बांधायचा नसतो. व्हिसा आठवड्यात आला, कर्ज पटकन मंजूर झालं, स्थळ चालून आलं, एवढ्यावर "देवाने दार उघडलं" म्हणणाऱ्यांनी हा अध्याय सही करायच्या आधी एकदा वाचावा. परदेशी नोकरीचं असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, तेही बघावं.

आणखी एक. आपलं ऐकलं नाही म्हणून पौल रुसून बसला नाही. माझं ऐकायला हवं होतं, हे तो एकदा म्हणाला आणि लगेच धीर देऊ लागला. सगळ्यांना जेवायला लावणारा तोच होता. सल्ला धुडकावल्यावरही जो बोटीतच राहतो, तो माणूस पुन्हा विचारण्याजोगा.

देवभीरू सल्लागार ओळखायचा कसा?

वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य असतं, त्यात पक्षपात नसतो, ढोंग नसतं (याकोब ३:१७). रोजच्या व्यवहारात हे बघायचं तर तो माणूस घरात बायकोशी नि सुनेशी कसा बोलतो ते बघा. दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेलं तुमच्यापुढे बोलत असेल, तर तुमचंही उद्या कुठेतरी बोलणार. तुम्ही भावाविरुद्ध तक्रार घेऊन गेलात आणि त्याने भावाची बाजू विचारलीच नाही, तर तो तुमचा मित्र असेल, सल्लागार नव्हे. आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन विचारपूस करेपर्यंत, असं नीतिसूत्रांत म्हटलंय (१८:१७).

आणि तो "नाही" म्हणू शकतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. राजा अहाबाजवळ सुमारे ४०० संदेष्टे होते, सगळे म्हणाले, लढाईला जा. मीखाया एकटा वेगळं बोलणारा. अहाब त्याच्याबद्दल म्हणाला, मला त्याचा तिटकारा आहे, कारण तो माझ्याविषयी चांगलं कधी बोलतच नाही. अहाब लढाईत मेला (१ राजे २२). आपल्या ओळखीत असा एखादा मीखाया असतो. त्याचा फोन आपण उचलायचं टाळतो.

सगळं पाळकांनाच विचारावं का?

नाही. पाळकांना वचन माहीत आहे, जमिनीचा कायदा माहीत असेलच असं नाही. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, आंब्याच्या पेट्या भरता भरता वाटणीचा विषय निघतो आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. "आपल्यात कशाला कोर्टकचेरी, ताई, ख्रिस्ती माणसं आपण," असं म्हणत भाऊ पेन पुढे करतो. अशा वेळी मंडळीतल्या वडीलधाऱ्याने "क्षमा कर, सोडून दे" एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. बहिणीने हक्क सोडायचा की नाही, हे ती ठरवेल. पण काय सोडतेय हे तिला आधी कळू दे. मृत्युपत्र नसेल तर आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेला दोन तृतीयांश मुलगे-मुलींना सारखा. वकील परवडत नसेल तर ओरोसला किंवा रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं; स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खरं सांगणारा वकील ख्रिस्ती नसला, तरी त्याचा सल्ला देवाने पाठवलेला असू शकतो. मोशेचा सासरा, मिद्यानाचा इथ्रो आठवा.

बायकांचा सल्ला घ्यायला पुरुष कचरतात, तेही सोडायला हवं. रागाने चारशे माणसं घेऊन निघालेल्या दावीदाला रक्तपातापासून अबीगईलने अडवलं, आणि तिच्या शहाणपणाबद्दल दावीदाने देवाचे आभार मानले. अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन नीट समजावलं ते प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने.

गाव लहान आहे. सांगितलं की दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात पोचतं. काय करावं?

ही भीती खरी आहे, आणि त्यात दोष मंडळीचाच आहे. "अमक्यांसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात असं असं चाललंय," हे प्रार्थनेचं रूप घेतलेलं कुजबुजणंच असतं. प्रार्थना विषय सांगताना तपशील द्यायची गरज नसते, देवाला तपशील माहीत आहे. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कोणत्याही कारणाने उघड करू शकत नाही. आमच्याकडे तसा संस्कार नाही, म्हणून आधीच स्पष्ट विचारावं: हे तुमच्यापाशीच राहील का? संकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावच्या पाळकांकडे जा. मालवणच्या माणसाने सावंतवाडीला जाऊन बोलणं यात कमीपणा काहीच नाही.

एका बाबतीत मात्र गुप्ततेचं वचन कोणी देऊ नये नि मागू नये. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय हे कळलं, तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हे कारण चालत नाही, कायद्यापुढेही नाही आणि लहानग्यांना अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयी बोललेल्या प्रभूपुढेही नाही. बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात, सहन कर, प्रार्थना कर. हा देवाचा सल्ला आहे का?

नाही.

असा सल्ला देणारे बहुधा मलाखीचं वचन पुढे करतात, की देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. ते वचन पूर्ण वाचावं (२:१६). त्याच वचनात, आपलं वस्त्र जुलमाने झाकणाऱ्याचाही तिटकारा आहे. अर्धं वचन बाईला सांगायचं आणि अर्धं नवऱ्याला सांगायचंच नाही, हा पक्षपात झाला. आधी जीव सुरक्षित करायचा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. माहेर, मंडळीतलं एखादं घर, जिथे दार उघडेल तिथे जा. समेटाचं बोलणं त्यानंतर, आणि तेही मारणं पूर्ण थांबलं तरच.

मन सतत खचलेलं असतं. मानसोपचाराकडे जाणं म्हणजे विश्वास कमी का?

वेंगुर्ल्यात आणि मिरजेत मिशनने रुग्णालयं उभारली ती विश्वास कमी होता म्हणून नव्हे. एलीया झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, दोनदा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. पाळकांनाही सांगा, डॉक्टरांनाही दाखवा. औषध चालू असताना ते बंद करायला सांगणाऱ्याचा सल्ला, तो कितीही प्रार्थनाशील असो, ऐकू नका.

कौल, भगत, मोबाईलवरचे भविष्यवादी: अडचणीत असताना यातलं काय चालतं?

देवळात कौल लावणं ही आपल्या शेजाऱ्यांची रीत आहे, तिच्यावर बोट ठेवायला हा प्रश्न घेतलेला नाही. ख्रिस्ताच्या माणसाने मात्र तिथे जायचं नाही, हे बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायापासून स्पष्ट आहे. शौल राजा एन-दोरला रात्री वेश पालटून गेला, कारण त्याला भीती वाटत होती आणि लवकर उत्तर हवं होतं. आपली माणसंही भगताकडे जातात ती बहुधा लेकरू आजारी असताना, रात्रीच. त्यांना नंतर फटकारण्यापेक्षा आधी त्यांच्या घरी जाऊन बसलं असतं तर बरं.

पण आपल्यातही याची दुसरी रूपं आहेत. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर म्हणून घ्यायचं. किंवा व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवतं, "प्रभू मला म्हणाला, तू याच मुलाशी लग्न कर." बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंही शास्त्राशी रोज ताडून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली. त्यापुढे यूट्यूबवरचा अनोळखी माणूस कोण? तो घाई करायला लावत असेल, पैसे मागत असेल किंवा घरच्यांपासून लपवायला सांगत असेल, तर ताडून पाहायचीही गरज नाही.

दोन चांगली, देवभीरू माणसं उलटसुलट सल्ला देतात. तेव्हा?

असं होतं, आणि पवित्र शास्त्र ते लपवत नाही. पौल यरुशलेमेला निघाला तेव्हा त्याच्या जवळच्यांनी रडून विनवलं, जाऊ नकोस. अगब या संदेष्ट्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवले. माहिती खरी होती, प्रेमही खरं होतं, तरी पौल गेला. शेवटी ते गप्प झाले आणि म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. नाथानाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. दावीदाने मंदिर बांधायचं मनात आणलं, नाथान म्हणाला, तुझ्या मनात आहे ते कर. त्याच रात्री देवाने नाथानाला सांगितलं, असं नाही. सकाळी नाथानाने जाऊन आपला सल्ला बदलला (२ शमुवेल ७). संदेष्ट्याचाही पहिला सल्ला चुकू शकतो, आणि चांगला सल्लागार तो मागे घेतो.

म्हणून दोघांनाही विचारा, तुम्ही असं का म्हणता? मत वेगळं असलं तरी कारणं समोरासमोर ठेवली की पुष्कळदा दिसतं की दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. नंतर थोडे दिवस जाऊ द्या. आणि निर्णय तुमचा तुम्ही घ्या. "पाळक म्हणाले म्हणून केलं" ही सबब देवापुढे चालणार नाही. ज्याने त्याने आपला भार वाहायचा आहे.

मुलं काही विचारतच नाहीत. त्यांना कसं सांगावं?

राजा रहबामाने वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून बरोबरीच्या पोरांचा घेतला आणि राज्य दुभंगलं, ही गोष्ट मुलांना सगळेच सांगतात. त्या वडीलधाऱ्यांनी काय सांगितलं होतं ते फारसं कोणी सांगत नाही. ते म्हणाले होते, या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल. मुलगा पुण्याहून फोन करतो आणि पहिल्याच वाक्याला आपण ओरडतो, तर दुसऱ्यांदा तो मित्रालाच विचारणार.

मला कोणी सल्ला विचारला तर?

आधी गप्प बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तोवर ठीक होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. समोरच्याचं पूर्ण ऐका, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" असं विचारा, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. त्यांना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला आणि अभ्यास करायला सांगितलं. वाद घातला नाही, पिच्छा पुरवला नाही. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने दिलं ते वाचण्यासाठी वचन आणि विचारासाठी मोकळीक. आपल्यालाही बहुतेकदा एवढंच द्यायचं असतं.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी, पाळक अधूनमधून येतात. विचारणार कोणाला?

फोनवर विचारा, पण प्रश्न आधी कागदावर लिहून काढा: काय ठरवायचं आहे, कधीपर्यंत, पैसे किती, कोणाकोणावर परिणाम होणार, आणि माझं मन कुठे ओढतंय. शेवटचं लिहायला जड जातं, पण तेच लिहा. तुमच्या वाडीत एखादी म्हातारी आजी असेल, जिने नवरा गेल्यावर काजूच्या कारखान्यात काम करून मुलं वाढवली आणि रविवार चुकवला नाही. तिला विचारा, तिला आजवर कोणी काही विचारलेलंच नसतं. आणि पाळक पुढच्या खेपेला येतील तेव्हा उपासना सुटल्यावर पायरीवर उभ्या उभ्या, गर्दीत विचारू नका. आदल्या आठवड्यात फोन करून त्यांचा अर्धा तास मागून ठेवा, कागदपत्रं असतील ती बरोबर न्या, आणि सही त्यानंतर करा.